जरीची साडी आणि पाच उत्तरपत्रिका

नाना, फुकट कुणी काही देत नाही हे मला आबांनी लहानपणीच शिकवलं होतं. तुम्ही मात्र चार वर्षं मला फुकट वह्या दिल्यात, आणि मी चारही वर्षं विचार करत राहिलो की ह्या माणसाला माझ्याकडून हवंय तरी काय.

परवा तुमचं दहावं झालं. मी मागे, चपलांच्या ढिगाजवळ बसलो होतो. लोक तुमच्याविषयी चांगलं बोलत होते. कुणी म्हणालं देवमाणूस, कुणी म्हणालं पोरांचा वाली. मी मान हलवत होतो. मनात म्हणत होतो, ह्यांना काय माहीत. तेवढ्यावरच राहिलं असतं तर कदाचित लिहिलं नसतं. पण काल एक कागद वाचला आणि आता तुमच्याशी बोलल्याशिवाय सुटका नाही.

तुम्ही कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई. सातवी फायनल पास. खाकी शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. आबा पांडेसऱ्याच्या गिरणीत, रंगखात्यात कापड ओढायचे; मी त्यांचा मुलगा, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा पहिला. पहिल्याच आठवड्यात प्राध्यापक गुजरातीत भराभर सांगत होते आणि मला निम्मं हाती लागत नव्हतं. लायब्ररीत पुस्तक मागायला आलो तर तुम्ही माझं आडनाव कार्डावर वाचलंत आणि हळूच विचारलंत, "खान्देशना का रे तू?"

मी हो म्हणालो, आणि लगेच सावध झालो. गावचा माणूस शहरात भेटला की तो आधी ओळख काढतो आणि मग काम काढतो, असं आबा म्हणायचे.

तुमच्या खोलीत पत्र्याची मोठी पेटी होती. तिच्यात वह्याच वह्या. अर्थशास्त्र, तर्कशास्त्र, मानसशास्त्र, नागरिकशास्त्र, इतिहास, सायन्सवाल्यांचं वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र, कॉमर्सवाल्यांची हिशेबपद्धती. पास झालेला मुलगा जाताना आपली वही तुमच्याकडे ठेवून जायचा. वर्तमानपत्राचं कव्हर, त्यावर नाव नाही, नुसता नंबर. नव्या मुलाने ती न्यायची, पण एका अटीवर. "समदी वही तुना हातनी लिखी काढ, मंग मनी मले परत दे." नुसती वाचून परत आणली तर तुम्ही घ्यायचा नाहीत. मधलं पान उघडून विचारायचात. न लिहिणाऱ्याला बरोब्बर पकडायचात.

एका रजिस्टरात तुम्ही लिहून ठेवायचात, कुठला नंबर कुणाकडे गेला, तो पास झाला का नापास. मला ते रजिस्टर पहिल्या दिवसापासून खटकलं. मी अशोकला म्हणालोही होतो, "हे कशाला हवं? उद्या सांगत फिरतील, हा माझा बीए, तो माझा बीए." अशोक माझ्या शेजारच्या खोलीतला, माझ्याच वर्गात. तो हसला. "सांगू दे की. तुझं काय जातं?"

माझं जात होतं, नाना. मी रात्रपाळीवरून आलेल्या बापाच्या शेजारी बसून पहाटे वाचत होतो. माझ्या पदवीत कुणाचा वाटा असणं मला नको होतं. तुमची वही घेतल्याशिवाय भागत नव्हतं आणि घेतली की तुमचा राग यायचा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्या लक्षात आलं असावं, कारण वही देताना तुम्ही माझ्याकडे न बघता द्यायचात.

आणि त्या वह्यांच्या समासात काय काय लिहिलेलं असायचं! मजकूर गुजरातीत, समासात लाल शाईने मराठी. तर्कशास्त्रात एका ठिकाणी, 'सासू रागावली म्हणून दूध नासलं, असं नसतं. दोन्ही एका दिवशी झालं एवढंच.' घटत्या उपयोगितेच्या नियमासमोर, 'पाचवी भाकर पहिलीसारखी लागत नाही.' मला हे एका वाचनात समजायचं. मग शंका यायची की सातवी पास माणसाला हे कोण सांगतं? मी ठरवून टाकलं होतं की कुण्या जुन्या हुशार मुलाचं हे असणार आणि तुम्ही आपल्या लाल पेनाने ते स्वतःच्या नावावर करताय.

मी शेवटच्या वर्षाला गेलो त्या पावसाळ्यात ताप्ती शहरात शिरली. तुमची खोली तेव्हा नदीच्या बाजूला, तळमजल्याची. पाणी उतरल्यावर आम्ही चार-पाच मुलं बघायला आलो तर तुम्ही गच्चीवर. खाटा, पोती, चादरी, सगळ्यांवर वह्यांची सुटी पानं पसरलेली, त्यांवर खडे ठेवलेले. नानी एकेक पान उलटत होत्या, जणू पापडच. घरातलं धान्य भिजलं होतं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

शाई पाण्यात विरघळली होती. कुठे अर्धी ओळ राहिली होती, कुठे नुसता निळा डाग. तुम्ही म्हणालात, "दिवाळीपर्यंत उतरवून काढतो." आणि काढल्यात. जिथे शब्द गेला होता तिथे तुम्ही अंदाजाने भरलात.

त्यातून काय घोटाळे झाले ते सायन्सच्या पोरांना विचारा. बेडकाच्या आकृतीवर शाईचा ओघळ आला होता, तुम्ही तोही इमानदारीने उतरवलात. एक मुलगा वही घेऊन लायब्ररीत आला. "नाना, ह्या बेडकाला पाच पाय कसे? कुठल्या गावचा हा?"

तुम्ही चष्मा वर करून बघितलंत. "पुरातला से. पोहाले एक जास्त लागस."

सगळी लायब्ररी हसली. मी पण हसलो. पण घरी येऊन तुमच्याकडून आणलेली अर्थशास्त्राची वही शब्द न् शब्द तपासायला घेतली, की माझ्यासाठी कुठला बेडूक ठेवलाय.

मागणीच्या नियमाचे अपवाद. किंमत वाढली की मागणी घटते, पण काही वस्तूंचं उलट होतं. तिथे अर्धं पान वाहून गेलं होतं, मूळ उदाहरण बहुतेक हिऱ्यांचं असावं. तिथे तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं. उत्तरपत्रिकेत ते गुजरातीत गेलं, इथे मराठीत सांगतो: 'जरीची साडी स्वस्त मिळाली तर बाई नखाने जरीची तार खरवडून बघते, महाग मिळाली तर डोळ्यांना लावून घेते.'

मी विचारलं, "नाना, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नही भो. बजारमा से."

तुम्ही कॉलेजात लागण्याआधी जरीच्या कारखान्यात होतात, हे मला माहीत होतं. मला वाक्य आवडलं आणि विश्वास बसला नाही. तरी उतरवून घेतलं, कारण तेवढं एक वाक्य एकदा वाचलं की डोक्यातून जात नव्हतं. माझ्या वहीवरून अशोकने घेतलं, तुमच्याकडून आणखी तिघांनी.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. आम्ही पाच जणांनी, एकाच हॉलमध्ये, एकाच शब्दांत, ती साडी खरवडणारी बाई लिहिली.

जूनमध्ये सगळ्यांचे निकाल लागले, आमच्या पाच नंबरांसमोर 'राखून ठेवला'. आबांनी पेढे सांगून ठेवले होते. ते आणायला गेलेच नाहीत, आणि का गेले नाहीत हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. खात्यात लोक विचारायचे, "काय रे, पोऱ्या बीए व्हयना का?" ते म्हणायचे, "कागद येवाना बाकी से." तीन महिने तेच उत्तर.

पत्र आलं. सामुदायिक कॉपीचा संशय, चौकशी समितीपुढे हजर राहावे.

त्या खोलीत टेबलामागे तिघे बसले होते. मधल्या म्हाताऱ्या अध्यक्षांच्या पुढ्यात आमच्या पाच उत्तरपत्रिका उघड्या होत्या आणि पाचही ठिकाणी बाईभोवती लाल गोल. त्यांनी विचारलं, हे वाक्य कुठल्या पुस्तकातलं? मी म्हणालो, वहीतलं. वही कुणाची? मी तुमचं नाव सांगितलं. इथवर ठीक होतं. खरंच होतं ते.

मग त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "हा शिपाई परीक्षेच्या वेळी कुठे होता?"

नाना, तुम्ही हॉलमध्ये पाणी द्यायला होतात. डाव्या हातात मडकं, उजव्या हातात लोटा. मी सांगितलं, "हॉलमध्ये पाणी देत फिरत होते. दोनदा माझ्या बाकाजवळ थांबले होते."

"कशाला थांबले?"

"मला माहीत नाही."

मला माहीत होतं. पहिल्यांदा थांबलात तेव्हा म्हणालात, "पाणी पी. हात थरथरी ऱ्हायना तुना." दुसऱ्यांदा नुसता लोटा पुढे केलात. हे दोन्ही मी गिळून टाकलं. ते लोक लिहून घेत होते. मी जबाबाखाली सही केली, स्वच्छ, पूर्ण नावाची.

मला त्या वेळी काय वाटत होतं तेही सांगतो. मला वाटत होतं, ह्यांनी मुद्दाम केलं. वाक्य असं लिहायचं की पाचशे उत्तरपत्रिकांत ओळखू यावं, म्हणजे जगाला कळेल की ही नानांची मुलं. रजिस्टर ठेवणारा माणूस आणखी काय करणार? मी स्वतःला हे इतक्या जोरात पटवलं की सही करताना माझा हात जराही थरथरला नाही.

बाकी चौघांचे निकाल महिन्याभरात लागले. माझा लागला नाही. मला पुन्हा बोलावलं, एकट्याला. ह्या वेळी संशय पक्का झाला की तुम्ही आत जाऊन माझ्याविरुद्ध काहीतरी सांगितलंत. मी तुमचं नाव घेतलं म्हणून तुम्ही माझं घेतलंत. हिशेब सरळ वाटत होता.

अध्यक्षांनी ह्या वेळी बसायला खुर्ची दिली. उत्तरपत्रिका बाजूला सारली आणि म्हणाले, "चालो, हवे बीजुं उदाहरण आपो. तमारुं पोतानुं."

तुमचं स्वतःचं आणखी एक उदाहरण द्या. 'आणखी' का म्हणतात हे मला समजलं नाही. मग मायचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि मी सांगितलं, "साहेब, ज्वारी महागली की आमच्या घरी ज्वारी जास्त लागते. तिच्यातच पैसे संपतात, भाजीला उरत नाहीत, मग नुसत्या भाकरीच खायच्या."

म्हाताऱ्याने पेन खाली ठेवलं. बाकी दोघांकडे बघितलं. म्हणाले, "आ छोकराने कॉपीनी शी जरूर?"

ह्या पोराला कॉपीची गरज काय! ते वाक्य मी आजवर जपलं. आज मी हायस्कुलात शिकवतो, दर वर्षी नव्या वर्गाला हा किस्सा सांगतो. माझी पदवी मी तोंडी परीक्षा देऊन, समितीसमोर, एकट्याने मिळवली असं सांगतो. आबांनी तेव्हा पेढे आणले, खात्यात निळ्या हातांनी वाटले, "मना पोऱ्या बीए से" म्हणत प्रत्येक यंत्रापाशी गेले. आमच्यासाठी तो दिवस लग्नापेक्षा मोठा होता.

त्याच महिन्यात तुम्हाला लायब्ररीतून काढून फाटकावर बसवलं. मी पेढे घेऊन आलो नाही. खालच्या वर्गातली मुलं तुमच्याकडे वह्या मागायला गेली तर तुम्ही म्हणालात, "आते वह्या नहीत." मी म्हणालो, बघा. मनात काही नसतं तर बंद कशाला केलं असतं?

त्यानंतर नऊ वर्षं. तुम्ही नवागामला राहायला गेलात. पर्वत पाटियाच्या चौकात कधी समोरासमोर आलो तर तुम्ही सायकलवरून उतरायचात आणि म्हणायचात, "काय सर, बरं से ना?" त्या 'सर'चा मला राग यायचा. मला वाटायचं टोमणा आहे. मी "हो, चाललंय" म्हणून पुढे जायचो. एकदा तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलंत, तेवढ्यात मी घड्याळ बघितलं. तुम्ही सायकलवर बसलात. काय बोलणार होतात ते आता विचारायचं कुणाला?

आता कालचं सांगतो. अशोक आपल्याच कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे, तुम्हाला माहीत आहे. नानींच्या पेन्शनसाठी त्याने तुमची जुनी फाइल काढली. दहाव्याला मला बाजूला घेऊन म्हणाला, "उद्या जेवणाच्या सुट्टीत ये. एक कागद बघून जा."

गेलो. त्याने फाइल टेबलावर ठेवली. "तुझाही जबाब आहे यात. मी वाचला नाही." एवढं म्हणून तो चहा सांगायला बाहेर गेला आणि वीस मिनिटं आला नाही. चहा सांगायला वीस मिनिटं लागत नाहीत. त्याने वाचला असणार.

माझ्या जबाबाच्या मागच्याच पानावर तुमचा. गुजरातीत, ते सुरेख अक्षर. तुम्ही लिहिलंय की पुरात भिजलेली अर्थशास्त्राची वही तुम्ही सुकदेवला, म्हणजे मला, दिली होती. गेलेला मजकूर त्याने स्वतःच्या डोक्याने भरला. जरीच्या साडीचं उदाहरण त्याचं आहे. बाकी चौघांनी त्याच्या वहीवरून पाठ केलं, हॉलमध्ये कुणी काही केलं नाही. मुलगा फार हुशार आहे, साहेबांना खात्री नसेल तर त्याला आणखी उदाहरण विचारून बघावं.

खाली सही. त्याखाली दुसऱ्या कुणाच्या अक्षरात शेरा: सदर शिपायाने यापुढे विद्यार्थ्यांना कोणतेही लिखित साहित्य देऊ नये.

नाना, हे तुम्ही काय केलंत?

ते वाक्य तुमचं होतं. तुमच्या आयुष्यात कॉलेजच्या कागदावर तुमचं स्वतःचं म्हणून एक वाक्य आलं, त्याच्याभोवती तिघा विद्वानांनी लाल गोल काढला, आणि विचारल्यावर तुम्ही ते माझ्या नावावर लिहून दिलंत. समासातलं ते लाल मराठी तुमचंच होतं, हे मी काल त्या खुर्चीत बसून कबूल केलं. भाकरही तुमची, सासूही तुमची. श्रेयासाठी रजिस्टर ठेवतात म्हणून मी ज्याच्यावर पाळत ठेवली त्या माणसाने हातात आलेलं एकमेव श्रेय असं देऊन टाकलं.

आणि तरी मी भांडणार. मला न विचारता दिलंत. माझा निकाल आणखी महिनाभर अडकला तो ह्यापायी. मी तुमची बाजू घेतली असती तर आपण दोघांनी खरं सांगून बघितलं असतं. कुणी मानलं नसतं म्हणता? कदाचित नसतं मानलं. पण ज्वारी माझी होती, नाना. ती मी दिली. ती द्यायची संधीही तुम्हीच मला काढून दिलीत, हे आज कळतंय, आणि ते गोड मानून घ्यायला मला जड जातंय. तुम्हाला राग आला असता तर बरं झालं असतं.

मला एकच गोष्ट छळत होती. जबाब एकाच दिवशी झाले, माझा आधी, तुमचा नंतर. मी पाण्याविषयी काय बोललो ते त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं का? माहीत नसताना माझ्यासाठी लिहिलंत की माहीत असून?

म्हणून आज शाळेतून सरळ नवागामला गेलो. नानी ओट्यावर गहू निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. हॉल, लोटा, 'मला माहीत नाही'. काही झाकलं नाही. त्या निवडत राहिल्या.

मग म्हणाल्या, "बठ भाऊ. त्यासले मालूम व्हतं. त्याच दिन घर ईसन सांगं त्यासनी."

"घरी येऊन काय म्हणाले?"

"म्हनेत, पोऱ्या घाबरी गया व्हता."

त्या आत चहा ठेवायला उठल्या. मी तिथेच बसून राहिलो, आणि सवयीप्रमाणे मला नानींचाही संशय आला. तुम्ही खरंच एवढंच म्हणालात, की दारात आलेल्या माणसाला मोकळं करायला त्यांनी आत्ता ते जुळवलं? त्यांचा चेहरा बघितला. त्यावर काही दिसलं नाही. चहा घेतला, पाया पडलो, निघालो.

तुम्ही म्हणाला असाल असं धरून उत्तर देतो, नाना. घाबरलो होतो, हे कबूल. पण मी पोऱ्या नव्हतो. बावीस वर्षांचा होतो, चार वर्षं तर्कशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकलो होतो, आणि त्या खोलीत कुठला शब्द सांगितला आणि कुठला गाळला हे मला चांगलं कळत होतं.